काकडीचा घोडा, वांग्याची गाय

"नाना, तुमची इच्छा काय लिहू?" नातीनं फोनवर विचारलं. मी विचारात पडलेला पाहून म्हणाली, "मोठी सांगू नका हं. कागद एवढाच आहे." आणि तिनं पडद्यासमोर एक रंगीत पट्टी धरली. वीतभर लांब, दोन बोटं रुंद.

ही गोष्ट २०२३ सालच्या जूनमधली. माझी मुलगी आणि जावई तोक्योत नोकरी करतात. शहराच्या पूर्वेला एदोगावा नावाचा भाग आहे. भारतीय कुटुंबं तिथं बरीच राहतात, त्यातच त्यांचंही घर. नात तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिथल्याच बालवाडीत जायची. त्याच वर्षी जानेवारीत माझी पत्नी, म्हणजे तिची नानी, सोलापुरात वारली. मुलगी धावत येऊन गेली, पण नातीला आणणं जमलं नाही. तिच्या लेखी नानी फोनवर दिसेनाशी झाली, एवढंच घडलं होतं.

जूनच्या अखेरीस मी तोक्योला गेलो आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत राहिलो. जपानचा उन्हाळा म्हणजे सणांचे दिवस. ते सण मी नातीचं बोट धरून पाहिले. खरं सांगायचं तर तिनं माझं बोट धरलं होतं, कारण तिथली भाषा तिला येत होती, मला नाही. तीन, चार, पाच वर्षांच्या मुलांना तिथं सणांची ओळख कशी करून देतात, ते मी जवळून पाहिलं. त्याविषयी थोडं सांगतो.

त्या कागदी पट्टीला तान्झाकु म्हणतात. ७ जुलैला 'तानाबाता' नावाचा सण असतो. हिरव्यागार बांबूच्या फांदीला मुलं आपापल्या इच्छा लिहून बांधतात. दुकानांत, रेल्वे स्थानकांवर, दवाखान्यांतसुद्धा अशा फांद्या उभ्या असतात. कागदाचे मूळ रंग पाच, आणि ते पाच तत्त्वांवरून आलेले.

सणामागची गोष्ट चीनमधून जपानात आली, त्याला हजार-बाराशे वर्षं झाली. ओरिहिमे ही आकाशाच्या राजाची मुलगी. दिवसभर मागावर बसून कापड विणायची. नदीपलीकडे हिकोबोशी नावाचा गुराखी. दोघांचं लग्न झालं आणि एकमेकांच्या नादात दोघंही काम विसरली. माग थांबला, गुरं मोकाट सुटली. राजा रागावला. त्यानं दोघांच्या मध्ये नदी घातली आणि वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री, भेटायची परवानगी दिली. त्या रात्री पाऊस पडला तर नदीला पूर येतो. मग काळे-पांढरे पक्षी पंखाला पंख लावून पूल करतात, असंही सांगतात.

मी सोलापूरचा. माझे वडील हातमागावर बसत. त्यामुळे ही गोष्ट ऐकताना मला पहिल्यांदा राजकन्या दिसली नाही, थांबलेला माग दिसला. नातीला मी धोटा म्हणजे काय, कांडी कशी भरतात, उभ्या धाग्यांतून आडवा धागा कसा धावतो, ते हातवारे करून सांगितलं. 'तानाबाता' या शब्दातच माग आहे, हे मला नंतर कळलं.

आणखी एक गंमत. ही दोघं म्हणजे आकाशातले दोन तारे. ओरिहिमे म्हणजे आपला अभिजित आणि हिकोबोशी म्हणजे आपला श्रवण. मधली नदी म्हणजे आकाशगंगा. जपानी भाषेत तिला आमानोगावा म्हणतात, त्याचाही अर्थ आकाशातली नदी असाच. पौर्णिमेचा चंद्र श्रवण नक्षत्रापाशी असतो तो श्रावण महिना. म्हणजे ज्या श्रावणावर आम्ही मराठी कवींनी एवढ्या कविता केल्या, त्याच्या नावात हा जपानी गुराखी उभा आहे! जुन्या चांद्र पंचांगाप्रमाणे हा सण बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपासच यायचा. १८७३ साली जपाननं इंग्रजी कालगणना स्वीकारली आणि सातव्या महिन्याची सप्तमी ७ जुलैला जाऊन बसली. तो तिथल्या पावसाळ्याचा शेवट. त्यामुळे नेमके त्याच रात्री ढग असण्याची भीती. सेंदाई शहरानं तोड काढली आहे. तिथं हा सण ६ ते ८ ऑगस्टला करतात.

ढगांवर मुलांचा उपाय वेगळाच. पांढऱ्या कागदाचा किंवा कापडाचा गोळा करायचा, त्यावर दुसरं कापड टाकून गळ्याशी दोरा बांधायचा, डोळे काढायचे आणि खिडकीत टांगायचं. या बाहुल्याला तेरु तेरु बोझु म्हणतात. पाऊस थांबवून ऊन पाडायचं हे त्याचं काम. मी दुष्काळी मुलखातला माणूस. आमच्याकडे पोरं धोंडी काढून पाऊस मागत दारोदार फिरायची. पाऊस थांबावा म्हणून बाहुली टांगणारी पोरं मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. बाहुला उलटा टांगला तर पाऊस येतो, असं नातीनं सांगितल्यावर मी तो प्रकार नीट लक्षात ठेवला आहे.

आता बालवाडीतली रीत पाहा. गोष्ट आधी सांगत नाहीत. आधी बांबूची फांदी आणून उभी करतात. मुलं तिची पानं चुरगळून वास घेतात. मग कात्री, रंगीत कागद, गोंद. कुणी कागदाच्या साखळ्या करतं, कुणी मासे धरायचं जाळं, कुणी सारस, कुणी छोटा झगा, कुणी पैशांची पिशवी. प्रत्येकाला अर्थ आहे. जाळं म्हणजे भरपूर मासे मिळोत, सारस म्हणजे आयुष्य मोठं असो. लांब लोंबणाऱ्या पट्ट्या म्हणजे ओरिहिमेचे धागे. सेंदाईच्या परंपरेत असे सात प्रकार आहेत, आणि त्यातला एक मला फार आवडला. कचऱ्याची टोपली! बाकीचं सगळं करताना कागदाचे जे तुकडे पडतात ते गोळा करून कागदाच्याच टोपलीत भरतात आणि ती टोपलीही फांदीला टांगतात. काटकसर आणि स्वच्छता यांवर भाषण न देता केलेला हा धडा.

दुपारच्या जेवणात त्या दिवशी शेवयांसारखे बारीक गार नूडल्स असतात. त्यावर भेंडीच्या चकत्या. भेंडी आडवी कापली की चांदणी दिसते, हे आपल्याही मुलांना भेंडीच्या ठशांमुळे माहीत असतं. जेवण झालं की बाई चित्रांचे मोठे पुठ्ठे घेऊन बसतात आणि एकेक पुठ्ठा सरकवत गोष्ट सांगतात. याला कामिशिबाई म्हणतात. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीची मला आठवण झाली. तोपर्यंत मुलांच्या हातांनी धागे, जाळं, चांदण्या सगळं केलेलं असतं. गोष्ट ऐकताना ती मान हलवतात, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी.

मग शेवटी इच्छा. एदो काळात, म्हणजे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी, पाठशाळेतली मुलं या दिवशी अळूच्या जातीच्या पानांवरचं दव गोळा करून त्यात शाई उगाळायची आणि आपलं अक्षर सुंदर व्हावं, असं मागायची. ओरिहिमे कुशल कारागीर, म्हणून तिच्याकडे वस्तू मागायची नाही, हातातलं कसब मागायचं. आजची मुलं काय मागतात? कुणाला बुलेट ट्रेनचा चालक व्हायचंय, कुणाला पोहायला यायला हवंय, कुणाला स्ट्रॉबेरीच व्हायचंय.

माझ्या नातीनं काय लिहिलं, ते बालवाडीच्या वहीत कळलं. तिथं बाई आणि पालक यांच्यात रोज एक वही जाते-येते. बाईंनी लिहिलं होतं, 'तिनं नानी येऊ दे असं लिहिलं. पट्टी सगळ्यांत वर बांधायची होती. मी उचलून घेतलं, बांधली तिनंच.' बस. सल्ला नाही, समजावणी नाही. मुलीनं ते वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवून स्वयंपाकघरात गेली.

नातीला काय सांगायचं, हे आम्हा दोघांनाही ठरवता येईना. आम्ही ते पुढे ढकललं. सणासुदीत पुढे ढकलायला निमित्तं भरपूर असतात.

जुलैच्या मध्यापासून जत्रा सुरू झाल्या. मुलं युकाता नावाचा सुती झगा घालतात. तो घालायलाही शिकवतात. डावी बाजू वर, उजवी खाली. उलटं कधीच नाही, कारण तसं फक्त मृताला नेसवतात. जत्रेत बर्फाचा गोळा मिळतो आणि गोल्डफिश पकडायचा खेळ असतो. एदोगावा हा भाग पूर्वीपासून या माशांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध. हातात एक गोल कडं, त्यावर पातळ कागद ताणलेला. त्यानं पाण्यातला मासा उचलून वाटीत टाकायचा. कागद भिजला की फाटणारच. झटका दिला की फाटतो, भ्यालं की मासा पळतो. तिरकं, हळू, माशाच्या मागून नाही तर बाजूनं जायचं. नातीचे तीन कागद फाटले. तरी दुकानदारानं पिशवीत एक मासा घालून दिला. तशी तिथं रीतच आहे.

बालवाडीच्या जत्रेत मुलं छोटी पालखी खांद्यावर घेतात. तिला मिकोशी म्हणतात. देवळाच्या उत्सवात मिकोशीत देव असतो. बालवाडीची मिकोशी पुठ्ठ्याची होती आणि तिच्यावर मुलांनी केलेला भलामोठा ऑक्टोपस बसला होता. तरीही बाईंनी आधी आमच्या मुलीला विचारलं होतं, तुमच्या घरी चालेल ना? मुलीनं मला विचारलं. मी तिला माझ्या लहानपणच्या गल्लीची आठवण करून दिली. दिवाळीत मातीचा किल्ला करताना चिखल कालवायचं काम माझ्याकडे असायचं आणि मोहरममध्ये सरबताचे पेले वाटायला शेजारची सगळी पोरं असायची. आमचे मोठे लोक आपापल्या जागी ठाम होते, तरी पोरांच्या हातातलं काम त्यांनी काढून घेतलं नाही. नात ऑक्टोपस घेऊन नाचली.

रात्री अंगणात फुलबाज्या. जपानी भाषेत आतषबाजीला हानाबी म्हणतात. हाना म्हणजे फूल, बी म्हणजे आग. आपल्या 'फुलबाजी'तही फूल आहेच! सगळ्यांत शेवटी सेन्को हानाबी काढतात. कागदाचा पीळ दिलेला बारीक दोरा, टोकाशी चिमूटभर दारू. तो खाली तोंड करून धरायचा. टोकाला लाल थेंब तयार होतो आणि त्यातून ठिणग्या फुलतात. त्या ठिणग्यांच्या अवस्थांना नावं आहेत. आधी कळी, मग मोठं फूल, मग पाइनच्या काट्यांसारखं झाड, मग विलोच्या झुकलेल्या फांद्या आणि शेवटी गळणारी शेवंती. मिनिटभरात सगळं आयुष्य. हात हलला की थेंब गळून पडतो. एरवी एका जागी न ठरणारी पाच-सहा मुलं उकिडवी बसून श्वास रोखून हात स्थिर धरताना मी पाहिली. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्याबद्दल आम्ही खूप चर्चा केल्या. ती मुलं पाहून मला वाटलं, हायकू वाचण्याआधी माणसानं एकदा ही फुलबाजी धरावी.

मग ऑगस्ट आला आणि ओबोन. पूर्वजांचे आत्मे या दिवसांत घरी येतात, अशी जपानी लोकांची श्रद्धा. तोक्योत काही जण तो जुलैत करतात, बहुतेक जपानात १३ ते १६ ऑगस्ट. मूळ तिथी सातव्या चांद्रमासाची पौर्णिमा. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, पाली भाषेतला मोग्गलान, याला आपली मृत आई प्रेतलोकात उपाशी दिसली. बुद्धानं त्याला सांगितलं, वर्षावास संपताना भिक्षूंना अन्नदान कर. त्यानं आईची सुटका झाली. ओबोन हे नाव 'उल्लंबन' या संस्कृत शब्दावरून आलं, असं परंपरा सांगते. आई सुटल्याच्या आनंदात तो नाचला आणि तोच बोन ओदोरी नाच, असंही सांगतात.

हा नाच मुलांना कसा येतो? येत नाही, लागतो. मधे लाकडी मचाण, वर ढोल, भोवती माणसांचं रिंगण, आपल्या भोंडल्यासारखं. चार-पाच हालचाली पुन्हा पुन्हा. 'तान्को बुशी' हे खाणकामगारांचं गाणं. त्यात कोळसा खणायचा, खांद्यावरून टाकायचा, कपाळाला हात लावून पाहायचं, गाडी ढकलायची. पुढच्याचं बघून करायचं. चुकलं तर पुढच्या फेरीत जमतं. अगदी लहानांसाठी डोरेमॉनचंही एक गाणं लावतात. मी नातीच्या मागे उभा राहून दोन फेऱ्या कोळसा खणला.

शेजारी एक आजी राहत. मूळच्या तोचिगीकडच्या, म्हणून त्यांचा ओबोन ऑगस्टमध्ये. १३ तारखेला सकाळी त्यांनी नातीला हाक मारली, तिच्यामागे मीही गेलो. ताटात एक काकडी, एक वांगं आणि खाण्याच्या काड्या मोडून केलेले तुकडे. आजींनी काकडीला चार काड्या टोचल्या. घोडा झाला. वांग्याला चार टोचल्या, गाय झाली. नात मला दोन्ही भाषांच्या मधे उभी राहून सांगत होती, "येताना घोडा, कारण लवकर यायचंय. जाताना गाय, कारण सावकाश जायचंय."

आजींनी एक फोटो दाखवला. त्यांचे यजमान. ते आज संध्याकाळी येणार, म्हणाल्या.

नात माझ्याकडे वळली. "नाना, नानी पण येईल? काकडीवर?"

मी कवी आहे. असल्या प्रश्नाला 'हो' म्हणणं मला सोपं होतं. वाक्य सुंदर झालं असतं. पण ती संध्याकाळी दारात उभी राहिली असती, हे मला स्पष्ट दिसलं. 'असलं काही नसतं' म्हणणंही सोपं होतं, पण समोर आजी काड्या नीट करत होत्या. त्यांच्या घरात त्यांची श्रद्धा मोडायचा मला काय अधिकार? मी म्हणालो, "आजींच्या घरी ते येतात. आपल्याकडे वेगळं आहे, बेटा. आपल्याकडे ते येत नाहीत. आपण त्यांच्याकडे जातो."

तिनं पुन्हा विचारलं, "कुठे?"

मी तिला शबे-बरातबद्दल सांगितलं. शाबान महिन्याची पंधरावी रात्र, तीही पौर्णिमेच्या सुमाराची. लोक कब्रस्तानात जातात, कबरीवर फुलं ठेवतात, उदबत्ती लावतात, फातिहा पढतात. नानीची तिथं एक जागा आहे. वर माती आहे, बाजूला लिंबाचं झाड आहे. नानी तिथून उठून येणार नाही. फोनवरही येणार नाही. पण ती कुठे आहे, हे आपल्याला माहीत आहे आणि आपण तिथं जाऊ शकतो.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कशावर बसून?"

"आधी विमान. मग रेल्वे. मग रिक्षा."

"मग घोडा मी घेते," ती म्हणाली. आजींना तिनं काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्यांनी दुसरी काकडी काढून दिली. घरी आल्यावर ती रडली. आईच्या कुशीत शिरून चांगली अर्धा तास रडली. जानेवारीपासून राहिलेलं ते रडणं होतं. आम्ही तिला गप्प केलं नाही.

लहान मुलांना सण कसा सांगावा, यावर मला विचाराल तर माझं शिक्षण एवढंच. आधी हाताला काम द्यावं. मग गोष्ट सांगावी. अर्थ मात्र आपण होऊन सांगू नये, मूल विचारील तेव्हा सांगावा. आणि विचारल्यावर खोटं सांगू नये. ताटातूट आणि मरण या गोष्टी मुलांना पेलत नाहीत, असं आपण समजतो. तिथं त्या कागदाच्या पट्टीएवढ्या, काकडीएवढ्या करून मुलांच्या हातात देतात. मग मूल आपला प्रश्न घेऊन येतं. उत्तर आपल्या घरचं द्यावं, आणि शेजारच्या घरचंही मोडू नये.

मी निघालो त्या दिवशी माझ्या बॅगेवर वांग्याची गाय उभी होती. सावकाश जावं म्हणून. विमानात ती नेता येईना. मुलगी म्हणाली, राहू द्या, मी भरीत करते. त्यावरून मोठं भांडण झालं.

२०२५ च्या फेब्रुवारीत शबे-बरातला ती सोलापूरला आली. तेव्हा सात वर्षांची होती. कबरीवर तिनं पाणी शिंपडलं, फुलं ठेवली. मग फ्रॉकच्या खिशातून एक रंगीत पट्टी काढली आणि मला उचलून घ्यायला सांगितलं. आता ती चांगली जड झाली आहे. लिंबाच्या खालच्या फांदीला तिनं पट्टी बांधली. या ठिकाणी काही मागायचं नसतं, हे मी तिला पुढे कधीतरी सांगेन.

पट्टीवर मराठीत लिहिलं होतं, 'माझं अक्षर चांगलं येऊ दे.' 'क्ष' चुकला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)